शकीलभाईंची एक चूक

शकीलभाई गेल्याचा त्यांच्या मुलाचा निरोप आला तेव्हा मी कॉलेजात पेपर तपासत होते. उरलेले अकरा पेपर संपवले आणि मग रिक्षा करून त्यांच्या घरी गेले. याला दीड महिना झाला. रडू वगैरे आलं नाही. थकवा मात्र आला, तो अजून उतरलेला नाही...

औरंगपुऱ्यात त्यांचं टायपिंगचं दुकान होतं. आधी टाइपरायटर, मग कॉम्प्युटर. काम एकच, पीएच.डी.चे प्रबंध टाइप करायचे. शिक्षण बारावीला सुटलेलं, पण इतकी वर्षं इंग्रजी प्रबंध टाइप करून कोणता शब्द कुणाशेजारी बसतो हे त्यांच्या बोटांना कळायचं. मी गंगापूरची, मराठी शाळेतली. माझं इंग्रजी व्याकरणात चुकायचं नाही, तरी ते इंग्रजी वाटायचं नाही. का, ते शकीलभाईंनी सांगितलं. "मॅडम, आपण गप्पा मारतो. चर्चा मारतो का?" मी म्हटलं, "नाही, चर्चा करतो." "का बरं?" मला सांगता येईना. "बस्स. त्यांचंही तसंच. कारण विचारायचं नाही, जोडी पाठ करायची." मग माझं 'मेक रिसर्च' मलाच खोडायला लावून 'कंडक्ट रिसर्च' लिहून घ्यायचे. स्वतः एक अक्षर बदलायचे नाहीत, फक्त पेन्सिलीने खूण करायचे. मी वैतागायचे, मुलगी लहान, घरी कुकर लावायचा असायचा. "भाई, येतंय तर तुम्हीच टाका ना!" "नक्को मॅडम. दुसऱ्याच्या लिखाणात हात घालायचा नाही."

माझा प्रबंध बाहेरच्या परीक्षकांकडून परत आला. भाषा सुधारा, असा शेरा, आणि पहिल्याच पानावर लाल रेघ. रोगामुळे कपाशीला धोका आहे, हे मी 'गिव्हज थ्रेट' असं लिहिलं होतं. वाक्य माझं नव्हतंच. आमच्या विभागात प्रस्तावना मागच्या प्रबंधावरून उतरवायची पद्धत, आणि मागच्याने त्याच्या मागच्यावरून उतरवलेली. शकीलभाईंनी तिथं खूण केली होती. पण माझे मार्गदर्शक म्हणाले, "आपल्याकडे सगळे असंच लिहितात," आणि मी ती खूण पुसली. या दुरुस्तीत माझे सहा महिने गेले. कॉलेजात नोकरीत कायम होण्याची वेळ होती, तीही हुकली.

दुकानात जाऊन मी म्हटलं, "भाई, तुमचं बरोबर होतं." ते खूश झाले नाहीत. चहा मागवला, मग म्हणाले, "ती चूक माझीच हाय मॅडम." कामाला नवे असताना आमच्या विभागाचा एक प्रबंध त्यांच्याकडे आला होता. हाताने लिहिलेल्या मजकुरात 'पोजेस अ थ्रेट' असं बरोबर होतं. "मला वाटलं, पोज तर फोटोत देतात. सर घाईत चुकले असतील. थ्रेट म्हणजे धमकी, आणि धमकी देतात, म्हणून मी 'गिव्ह' टाकलं. हुशारी केली." कुणाच्या लक्षात आलं नाही. तो प्रबंध लायब्ररीत गेला आणि पुढच्यांनी त्यावरून उतरवून घेतलं. "तवापासून दर दोन-चार वर्षांनी माझीच चूक टाइप व्हायला माझ्याकडं येते. मी खूण करतो, गाईड ती पुसायला लावतात."

"जाऊ द्या हो, एक शब्द तर आहे," मी म्हटलं.

"तुमचे सहा महिने गेले ना त्याच्यात? तुम्ही गाईड व्हाल तेव्हा तेवढी चूक बंद करा."

मी गाईड झाले. पहिल्या दोघांच्या प्रबंधात ती ओळ सुधारून घेतली. गेल्या वर्षी तिसऱ्याच्या वेळी परीक्षांचं काम होतं, सासूबाई आजारी होत्या, आणि मी प्रस्तावना न वाचताच सही केली. आता मुलं स्वतःच टाइप करतात. भाईंकडे न्यायची ती फक्त छपाईला आणि बांधणीला. त्याचा प्रबंध तिथं गेला तेव्हा भाईंचा फोन आला. "मॅडम, पहिलं पान बघितलं का?"

मला लगेच कळलं. मी म्हटलं, "भाई, उद्या शेवटची तारीख आहे. राहू द्या आता."

ते म्हणाले, "हौ... ठीक हाय मॅडम." आमचं शेवटचं बोलणं ते. प्रबंध मंजूर झाला. परीक्षकांनी रेघ मारली नाही. तेही थकले असतील.

मागच्या आठवड्यात नव्या मुलीने प्रस्तावना आणून दिली. गेल्या वर्षीच्या प्रबंधावरून उतरवलेली. ती ओळ होतीच. मी बदलायला सांगितली तर म्हणाली, "पण मॅडम, हे तर सगळ्यांच्यात असंच आहे."

"सगळ्यांचं नाही ते. एका माणसाची चूक आहे. त्याला ती परत घ्यायची होती."

तिला काही कळलं नाही, पण तिने शब्द बदलला. लायब्ररीत मात्र तशा ओळीचे सात प्रबंध बांधून ठेवलेले आहेत. त्यातल्या शेवटच्यावर सही माझी आहे.