दुसऱ्या दिवशीची भाकरी

नाना गेल्याची बातमी मला भुसावळला शेजाऱ्यांच्या फोनवर कळली. नानाचा पुतण्या धुळ्याहून बोलत होता. तो म्हणाला, "काका, नाना सकाळी चहा पिता पिता गेले," आणि त्याने फोन ठेवला. मी एस.टी.ने धुळ्याला पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. या माणसाने कोणालाच कधी ताटकळत ठेवलं नाही. मलाही ठेवलं नाही. त्याचा राग मला अजून आहे.

आम्ही जळगावला वसतिगृहात एका खोलीत राहत होतो. मी पुढे रेल्वेच्या शाळेत विज्ञान शिकवायला लागलो आणि हा शेतकी शिकून धुळ्याकडच्या एका संशोधन केंद्रावर ज्वारीचा शास्त्रज्ञ झाला. वयाने माझ्याएवढाच, पण ऐन तिशीत टक्कल पडलं म्हणून सगळे त्याला नाना म्हणायचे. शेवटी बायकोही म्हणायला लागली. खेड्यांतून मात्र त्याचं नाव होतं भाकरीसाहेब. ते त्याला मनापासून आवडायचं.

नाव पडायला कारण होतं. तेव्हा ऐंशीचं दशक चालू होतं आणि संकरित ज्वारीने कोठारं भरली होती. ते वाईट झालं असं नाना कधीच म्हणाला नाही. उपाशी माणसाला आधी पोटभर मिळू दे, मग चव, असंच तो म्हणे. पण शेतात निंदणीला जाणारी बाई पहाटे भाकरी थापते, फडक्यात बांधते आणि दुपारी बांधावर बसून खाते. त्या वेळेला संकरित ज्वारीची भाकरी कडक होऊन बसलेली असते, पाण्याच्या घोटाबरोबर ढकलावी लागते. आपल्याकडची दादर, जमिनीत मुरलेल्या ओलीवर हिवाळ्यात येणारी ज्वारी, तिची भाकरी मऊ राहते. पण तिचं पीक कमी येतं, म्हणून ती मागे पडत चालली होती. नानाने ठरवलं, की थोडं जास्त पिकणारी, खत फारसं न मागणारी, गुरांसाठी कडब्याला उंच आणि दुसऱ्या दिवशीही मऊ भाकरी देणारी दादर काढायची. ज्यांच्या हातांनी धान्य पिकतं त्यांच्याच फडक्यात सगळ्यात वाईट भाकरी का, हा त्याचा प्रश्न होता. संशोधन कशासाठी असतं, हे मला मुलांना शिकवायचं असायचं तेव्हा मी हाच प्रश्न फळ्यावर लिहीत असे.

मग त्याच्या घराची प्रयोगशाळा झाली. प्रत्येक वाफ्यातली ज्वारी वेगळी दळायची, सुशीलावहिनींनी भाकऱ्या करायच्या, एकेक फडक्यात गुंडाळून फळीवर ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी दुपारी नानाने मोडून बघायची. आवाज झाला की ते वाण बाद. पाहुणा आला तरी त्याच्या हातात शिळी भाकरी. एकदा मी वैतागून म्हटलं, की तुझ्या घरी ताजं अन्न फक्त उंदरांना मिळतं. तो इतका हसला, की त्याच्या हातातली भाकरीच खाली पडली. वर्षं अशीच गेली आणि एका हिवाळ्यात एका वाणाची भाकरी मोडताना आवाज आला नाही... वहिनी सांगतात, त्या दिवशी तो जेवलाच नाही, नुसती भाकरी उलटसुलट करत बसला होता.

पुढे त्याचं वाण मोठ्या समितीपुढे गेलं. पीक दादरीपेक्षा बरं, पण संकरितपेक्षा कमीच होतं. समितीतल्या एका भल्या गृहस्थांनी समजुतीने सांगितलं, की भाकरी मऊ राहणं हा आपल्याकडे निकषच नाही, मग तो मोजायचा कुठे? वाण नाकारलं गेलं. नानाने परवानगीने थोडं बी घेतलं आणि नरडाण्यापलीकडच्या खेड्यातल्या मथुराअक्कांना पेरायला दिलं. अक्का त्याच्या जुन्या ओळखीच्या, हाताने चोख. त्या साली ओल कमी पडली, तरी जेमतेम बियाण्यापुरते दाणे आले. अक्कांनी ते राखेत घोळवून मडक्यात भरले. श्रावणात केंद्राच्या गोदामाची साफसफाई झाली आणि बदली होऊन आलेल्या नव्या साहेबांनी नानाचं जुनं बी गुरांच्या खाद्यात घालून टाकलं. त्यांना ते काय आहे हे ठाऊक नव्हतं. आता काय ते अक्कांच्या मडक्यात.

पेरणीच्या तोंडावर आम्ही दोघं गेलो. अक्कांनी पाणी दिलं, चहा केला आणि नानाने मडक्याचं विचारल्यावर त्या सहज म्हणाल्या, "भाऊ, बठ्ठं खपी गयं. आखाजीले पोरी उन्यात माहेरले. घरमा इतलं चांगलं व्हतं, मंग त्यास्ले दुसरं कसं वाढू?"

आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सासरी गेलेल्या मुली माहेरी येतात, चांगल्या पंधरा दिवस राहतात. घरातलं जे सर्वांत चांगलं, ते त्यांच्या ताटात पडतं. अक्कांनी बी सांभाळलं नाही असं कसं म्हणू? त्यांनी ते सर्वांत चांगलं मानलं, म्हणूनच ते सगळं पोरींच्या ताटात संपलं. मागे गोदाम आहे अशीच त्यांची समजूत होती, आणि तेव्हा ते होतंही. नानाने मडक्यात एकदा डोकावून बघितलं. मग त्याने विचारलं, "पोरीस्ले भाकर गोड लागनी का?" अक्का म्हणाल्या, धाकटी तर सासरी जाताना बांधून घेऊन गेली. "बरं करं, अक्का," एवढंच तो म्हणाला.

परत येताना नरडाणा स्टेशनवर त्याने मला सांगितलं, की आता पुन्हा सुरुवात करायला आयुष्य उरलं नाही. मी नेहमीसारखं काहीतरी चेष्टेने बोललो. तो हसला नाही. निवृत्तीपर्यंत तो कचेरीत जात राहिला, सह्या करत राहिला, पण ज्वारीबद्दल त्याच्या तोंडून पुन्हा शब्द आला नाही. माणूस हृदयविकाराने गेला असं डॉक्टर म्हणतात. म्हणोत. माझ्या मते तो त्या स्टेशनवरच संपला होता, आणि त्याने शोधलेलं आता कुठेही उगवत नाही.

गेल्या आठवड्यात वहिनींना भेटायला गेलो. स्वयंपाकघरातल्या फळीवर फडक्यात गुंडाळलेली एक भाकरी होती. मी बघतो आहे हे त्यांना कळलं. "बाजारातलीच ज्वारी आहे, मला माहीत आहे," त्या म्हणाल्या. "तरी बघते." दुपार झाली तशी त्यांनी भाकरी खाली काढली आणि मोडली. तडकन आवाज झाला. वहिनींनी तुकडे बाजूला ठेवले आणि परातीत पीठ घेतलं. उद्या मोडायला एक भाकरी लागणार होती.