कोरडं चालतं

"हिच्या हातचा दगड चालतो सर, पानी न्हाई." पाटलीणबाई हे अख्ख्या सातवीसमोर म्हणाल्या.

पितळी घंगाळ त्यांच्या घरचं. शाळेची बादली गळकी, म्हणून प्रयोगाला त्यांच्या पोरीनं आणलेलं. ते परत न्यायला बाई आल्या होत्या. वाळू आणि गोटे आणायचं काम सरांनी मला लावलं होतं. आम्ही मातंग, आमची वस्ती सिंदफणा नदीला खेटून. पोतं डोक्यावर घेऊन मी हौसेनं आणलं. पाण्यात दगड हलका होतो, असं सर म्हणाले होते. मला ते खरं वाटेना. स्वतःच्या हातानं बघायचं होतं.

माझी पाळी आली आणि बाई तसं बोलल्या. गावाची रीतच ती. आमच्या हातचं धान्य चालतं, भिजवलेलं पीठ नाही. कोरडं चालतं, ओलं बाटतं.

सर शिकलेले. वाटलं, काहीतरी बोलतील. ते हसले. मला म्हणाले, "तू नुसते दगड दे. दुरून बी समजतंय."

मी दगड देत राहिले. पोरं ते पाण्यात धरून हलका झाला, हलका झाला म्हणत होती. बाकावरची माझी मैत्रीणसुद्धा. माझ्याकडं तिनं बघितलंही नाही.

माझं डोकं सणकलं. सगळ्यात मोठा गोटा उचलला आणि कोपरापर्यंत हात पाण्यात घातला. दगड खरंच हलका झाला. कुणीतरी खालून धरल्यासारखा.

सरांनी त्याच ओल्या हातावर छडी ओढली. बाईंनी घंगाळ माझ्या अंगावर उपडं केलं. वर्ग हसला. तळाची वाळू माझ्या केसांत गेली, डोळ्यांत गेली.

घंगाळ शुद्ध करायला विस्तवावर धरायचं होतं. त्याचं सरपण संध्याकाळी माझ्या बापाला वाहायला लावलं. लाकूड कोरडं असतं, ते चालतं. आपल्याच हातानं आणलेल्या लाकडांवर आपला विटाळ जळताना बाप बघून आला. जेवला नाही. एवढंच म्हणाला, "उद्या माफी माग, न्हाईतर दाखला हातात देतेत."

"दाखला देऊ द्या," मी म्हणाले. "मी न्हाई मागनार."

सकाळी आई उठली, माझा सुजलेला हात धरला आणि आम्ही पोलीस ठाण्याला निघालो.

केस अजून चालू आहे. साक्षीला वर्गातलं कुणी उभं राहिलं नाही. मिटवून घ्या म्हणणारे दारात येतात, कधी समजावतात, कधी धमकावतात. मी मिटवणार नाही.