पोळ्याच्या दिवशीची फुलं

सत्यशीला आमच्या बियाणे कंपनीत आली तेव्हा मी तिला वावरात पाय ठेवू द्यायला तयार नव्हतो. धावड्याच्या मल्हारीची पोरगी, औरंगाबादला विद्यापीठात कॉम्प्युटर शिकून राह्यली होती. शेवटचे सहा महिने कंपनीच्या संशोधन विभागात काम करायचं, त्याचा अहवाल विद्यापीठात द्यायचा, तवा पदवी. पुण्याची नोकरी ठरलेली, जुलैत हजर व्हायचं होतं. ही नव्व्याण्णव सालची गोष्ट.

मी भुजंग, प्रयोगाच्या कपाशीवरचा मुकादम. हंगामात रोज सकाळी खुणेच्या वीस झाडांवर उमललेली फुलं मोजून वहीत लिहायचो. नऊ वर्षांच्या नऊ वह्या. त्यावरून उद्या किती फुलं येतील ते तिचा कॉम्प्युटर सांगणार, म्हणजे पराग लावायला किती बाया बोलवायच्या ते आधीच कळणार. मी म्हटलं, हे मला बांधावर उभं राहून कळतं, त्याला डब्बा कशाला पाहिजे?

मे महिन्यात ती वह्या घेऊन माझ्या घरी आल्ती. साळूबाईनं, माझ्या बायकोनं, चहा ठेवला. पोरगी खाली बघून म्हणाली, "मामा, दरसाल एका दिवशी आदल्या दिवसाचाच आकडा आहे. तारीख दरसाल वेगळी. आमचे सर म्हणतात, योगायोग असंल. मंग मी जुनी कॅलेंडरं काढली. नऊही वेळा पोळा निघाला."

माझं डोकंच फिरलं. "पोळ्याला बैलं सोडून वावरात जाऊ का? एका दिवसानं काय बिघडतं?"

"एका दिवसानं न्हाई बिघडत. पण एक आकडा मनानं लिहिलाय, तर बाकीचे कशाच्या भरवशावर धरू?"

मी तिला घराबाहेर काढलं. चहा तसाच राह्यला.

साहेबांना तिनं माझं नाव सांगितलं असतं तर मी घरी बसलो असतो. गप राहून अहवाल दिला असता तर ती पुण्याला गेली असती. तिनं दोन्ही केलं न्हाई. आकडे एक हंगाम पडताळून बघते, एवढंच लिहून दिलं आणि अहवाल पुढं ढकलला. पुण्याची नोकरी गेली. मल्हारी महिनाभर तिच्याशी बोलला न्हाई.

ऑगस्टपासून ती रोज सकाळी येऊ लागली. आधी मी मोजायचो, मंग ती. फरक एखाद्या फुलाचा. पंधरा दिवसांनी मीच बांधावर तिची वाट बघायला लागलो.

पोळ्याला बैलं भावाच्या हवाली करून मी वावरात गेलो. ती आधीच आल्ती. आदल्या दिवशी एकेचाळीस फुलं होती. त्या दिवशी सदुसष्ट निघाली. मी दोनदा मोजली. घरी असतो तर एकेचाळीसच लिहिली असती.

"बराबर आहे, मामा," ती म्हणाली. "वह्यांतले बाकीचे आकडे खरे आहेत, आता मला लिहिता येईल."

आता ती भोकरदनला कॉलेजात शिकवते. त्या अहवालात आभाराच्या पानावर पहिलं नाव माझं आहे. नातू कौतुकानं ते वाचून दाखवतो, आणि मला मान वर करवत न्हाई.