कमरेइतकं पाणी

स्पर्धा परीक्षेच्या क्लासला असताना आमच्या सरांनी 'डाइव्ह' या एका इंग्रजी शब्दावर अख्खा तास घालवला होता. पाण्यात सूर मारणं म्हणजे डाइव्ह. पाणबुडी खाली जाते तीही डाइव्ह. विमानानं नाक खाली करून झेपावणं, बाजारभाव धाडकन पडणं, पिशवीत हात खुपसणं, गल्लीतला कळकट दारूचा अड्डा, सगळं डाइव्हच. आणि फुटबॉलमध्ये कुणाचा धक्का न लागता खेळाडू विव्हळत पडतो, पंच फसावा म्हणून, तेही. वर्ग हसला. मी हसले नाही. मी तेव्हाही पत्रकं लिहायचे, आणि सरकारी दारात खोटं कोण पडतं आणि खरं कोण पडतं हे मला दिसत होतं.

आमच्या वाशीम जिल्ह्यात एका शब्दात भागत नाही. डोकं खाली करून गेला तर सूर. गुडघे पोटाशी धरून पडला तर मुटका. तळाशी जाऊन काही काढून आणायचं असेल तर बुडी. गावातल्या पोरांना हे तिन्ही येतं, कारण पाठीला डबा बांधून त्यांना विहिरीत ढकलतात. पोरींना कुणी ढकलत नाही. आम्ही काठावर त्यांचे कपडे राखतो. म्हणून मला पोहता येत नाही, आणि हे मी लाजून सांगत नाही, चिडून सांगते.

याशिवाय एक प्रकार आम्हा आंदोलनवाल्यांचा. जलसमाधी. साधा अर्ज कुणी वाचत नाही, म्हणून पत्रक काढायचं की पंधरा ऑगस्टला तलावात जलसमाधी घेऊ. मग जीप येते, पोलीस येतात. आपण कमरेइतक्या पाण्यात उभं राहून घोषणा द्यायच्या. साहेब काठावरून म्हणतात, बाहेर या, चर्चा करू. आपण बाहेर येतो. पत्रकात 'प्राण गेला तरी' लिहायचं आणि पाण्यात कमरेपुढे जायचं नाही, हे दोन्ही बाजूंना ठाऊक असतं.

आमची मागणी साधी होती. रस्त्याच्या ठेकेदारानं उन्हाळ्यात आमच्या पाझर तलावातून मुरूम नेला. भिंतीखाली त्यानं खोल खड्डे केले आणि तसेच सोडले. पावसात तलाव भरला, खड्डे झाकले. मोठ्या मायच्या, म्हणजे माझ्या मोठ्या काकूच्या, दोन शेळ्या पाणी प्यायला उतरल्या त्या वर आल्याच नाहीत. ती रडली नाही. मला म्हणाली, "आज शेळी गेली, उद्या कोनाचं पोट्टं जाईन. तू कागद लिवतं ना, मंग लिव." मी लिहिलं. खड्डे बुजवा, नाहीतर कुंपण घाला. कामरगावच्या बाजारात पत्रकं वाटली.

जागा निवडायला आम्हाला दोन मिनिटंही लागली नाहीत. बैलांचा उतार. पोळ्याच्या आदल्या दिवशी सारं गाव तिथंच बैल धुतं. बैल पोटाइतक्या पाण्यात उभा राहतो, माणूस कमरेइतक्या. पणजोबापासूनचा उतार. खड्डे तिकडे भिंतीखाली, आपण इकडे. त्या वर्षीचा पोळा अजून यायचा होता, म्हणून पावसानंतर त्या पाण्यात कुणाचा पाय पडलेला नव्हता. ही गोष्ट आमच्यातल्या एकाच्याही डोक्यात आली नाही.

शाळेतलं झेंडावंदन आटोपून आम्ही निघालो. अकरा बाया, सात-आठ पुरुष. विहिरींतून बिघडलेल्या मोटारी काढणारा चाचा सोबत होता. काठावर नायब तहसीलदार साहेब, चार पोलीस, आणि ट्रॉलीवर बांधलेली बचाव पथकाची बोट. बोटीवरची ताडपत्रीसुद्धा सोडलेली नव्हती. पथकातली पोरं नारंगी जाकिटं घालून एकमेकांचे फोटो काढत होती.

"मॅडम, किती वेळ चालणार?" साहेबांनी मला विचारलं. "मला अजून दोन झेंडे आहेत."

"खड्डे बुजेपर्यंत."

"बरं बरं. भिजून घ्या तोवर."

आम्ही हात धरून साखळी केली आणि उतरलो. पाणी गढूळ, चहासारखं. मोठी माय माझ्या डाव्या हाताला, साखळीच्या टोकाला. तिनं लुगडं खोचलं होतं.

"काहून वं, इतका घट्ट काहून धरला माहा हात?" ती म्हणाली.

"पाणी गार हाय."

"पानी गार नाई, तू भेकड हाय. कागदावर लय मोठी वाघीन." पलीकडच्या बाया हसल्या. "चाल, अजून दोन पावलं. मांडीलेच तर लागून राह्यलं. सायबाले वाटन पाय धुवाले आल्या."

तिनं पाऊल टाकलं आणि ती नव्हती.

ओरडलीसुद्धा नाही. माझ्या मुठीत तिच्या बांगड्या फुटल्या, मनगट निसटलं, आणि पाणी जिथं होतं तिथं पुन्हा सपाट झालं. मी पुढे झेपावले तर मागच्या बाईनं माझी वेणी धरून ओढलं. "तुले येते काय पोयता? मरतं काय?" 

मी काठाकडे वळून ओरडले, "बाई बुडाली."

काठावर टाळ्या वाजल्या. नारंगी जाकिटातल्या एकानं वाजवल्या. साहेब हसून म्हणाले, "झालं, आता बाहेर या. नाटक पुरे."

"साहेब, खरंच बुडाली."

"पथक उतरवायला वरून आदेश लागतो," ते म्हणाले, आणि माझ्या तोंडाकडे नीट पाहिल्यावर त्यांचं हसू गेलं. पथकातली पोरं ताडपत्रीच्या गाठी सोडायला धावली. गाठी भिजून आवळल्या होत्या.

चाचानं कुणाला विचारलं नाही. सदरा काढला आणि बुडी मारली. वर आला, रिकामा. "अंधार है नीचे. हात कुछ नहीं लगता." पुन्हा गेला. आम्ही सगळ्या जिथल्या तिथं उभ्या, कुणी पाऊल उचलेना. पायाखाली काय आहे याचा भरवसाच उरला नव्हता. पुन्हा रिकामा वर आला. त्याला धाप लागली होती. तिसऱ्यांदा तो इतका वेळ खाली राहिला की शेजारची बाई त्याच्याही नावानं रडायला लागली.

आधी लुगड्याचा पदर वर आला. मग चाचाचा हात, त्यात तिचे केस.

काठावर तिला पालथी घालून पाठ दाबली. तोंडातून गढूळ पाणी आलं, मग उलटी, मग खोकला. खोकला ऐकला तेव्हा मला माझ्या तळहातात काच रुतलेली कळली.

ती उठून बसली. पहिल्यांदा पदर सावरला. मग म्हणाली, "पाय टेकून पाह्यला, तं खाली जमीनच नाई. बैलाचा उतार कोनं नेला बाप्पा?"

तेव्हा आम्हाला उमगलं. टिप्परला रस्ता जवळ पडत होता म्हणून ठेकेदारानं जाता जाता आमचा उतारही खरवडून नेला होता.

साहेब तोवर पोलिसाला सांगत होते. "आंदोलक स्वतःहून खोल पाण्यात गेले, असं घ्या. आयोजकांवर गुन्हा."

"स्वतःहून नाही," मी म्हटलं. "चला, दाखवते."

"मी कशाला पाण्यात येऊ?"

"मांडीइतकं आहे. तुम्हीच म्हणाला, भिजून घ्या."

सगळ्या बाया त्यांच्याकडे बघत होत्या. मोठी माय चाचाच्या सदऱ्यात गुंडाळून बसली होती, तीही. साहेबांनी बूट काढले, मोजे बुटात घातले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली. बोटीतला लांब बांबू मी त्यांच्या हातात दिला आणि त्यांचं मनगट धरलं. घट्ट. आम्ही चालत गेलो. पाणी त्यांच्या दुमडलेल्या पँटीवर चढलं.

"इथं," मी म्हटलं. "पुढे पाऊल टाकू नका. बांबू टाका."

त्यांनी बांबू सोडला. तो खाली गेला, अजून गेला, त्यांची मूठ पाण्याला टेकली तरी तळाला टेकला नाही.

त्यांनी माझं मनगट धरलं. आतापर्यंत मीच त्यांचं धरलेलं होतं.

"हळू मागे घ्या मला," ते म्हणाले. मग मान न वळवता काठावरच्या पोलिसाला, "ते आधीचं लिहू नका. त्या ठेकेदाराला फोन लावा. म्हणावं, झेंड्याबिंड्याला जाऊ नको, इथं ये."