साडेतीन शेळ्या
“साडेतीन? अरं, अर्धी शेळी कुठं चरती?” गणिताचे सर असे ओरडले, की पार रामलिंगाच्या डोंगरातली माकडं झाडावरून पडली असतील. बाजारात शेळ्यांचा उग्र वास आला, की आजही मला तो फळा दिसतो. शेळ्या-कोंबड्यांची मिळून डोकी दिलेली, पाय दिलेले. दोन समीकरणं मांडून शेळ्या काढायच्या. फळ्यावर माझ्या निघाल्या साडेतीन. उत्तर चुकलं की वडलांना बोलावणं जायचं, आणि आमचे वडील चाबकासकट यायचे. भीतीनं माझ्या मुठीत खडूचं पीठ झालं. कसंबसं तोंडातून निघालं, “सर, एक शेळी मामाला वाट्यानं सांभाळायला दिलीय. निम्मी त्याची.” सरांच्याही घरी शेळ्या होत्या. फळ्याकडं बघत ते म्हणाले, “मग तिचे दोनच पाय धर.”