सूर्यमाळच्या कोरड्या विहिरीचं शूटिंग

भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही... देवावर तर त्याहून नाही. मोखाड्यात लग्नांचं व्हिडिओ शूटिंग करणारा माणूस मी. अंगात आलेली बाई कॅमेरा वळला की पदर कसा सावरते, ते जवळून पाहिलंय.

नव्व्याण्णवचा मे. इथल्या शाळेत वसईचे एक पीटर सर विज्ञान शिकवायचे. त्यांना सिनेमा काढायची हौस — अंतराळवीर कोरड्या ग्रहावर उतरतो, गुडघे टेकून येशूची प्रार्थना करतो आणि पाणी लागतं. यान म्हणजे भाताची पत्र्याची कोठी. हेल्मेट म्हणजे पांढरी बादली, पुढून कापून प्लास्टिक चिकटवलेली. अंतराळवीर स्वतः सर, ढेरीसकट! इतका भिकार सिनेमा मी पाहिला नव्हता, आणि तो शूट मीच करत होतो.

ग्रह म्हणून सूर्यमाळच्या एका पाड्यावरची आटलेली विहीर धरली. पाणी दाखवायला सरांनी जीपमधून दोन ड्रम आणले होते, विहिरीत ओतायला. तिथे जनीआजी आणि चार बायका सकाळपासून हंडे घेऊन बसलेल्या. तळाला झिरपेल ते वाटीवाटीनं भरायचं, पाळीपाळीनं. त्या दिवशी वाटीभरही झिरपलं नव्हतं.

जनीआजी ड्रमकडे बघत म्हणाली, "ह्या पानी हिरीत वतनार? मंग आमी काय प्यावा?"

सरांनी दोन्ही ड्रम हंड्यांत रिकामे केले. म्हटलं, झालं... आता ग्रहावर काय दाखवणार, कपाळ? तर म्हणाले, कॅमेरा विहिरीवर धर. बादली डोक्यात घालून हा माणूस भर उन्हात काठावर गुडघे टेकून बसला. मी भेगाळलेला तळ शूट केला, हसू दाबायचे कष्टही न घेता.

संध्याकाळी माझ्या टीव्हीवर टेप लावली. विहीर भरलेली. पाणी हलत होतं. टेप कोरी होती, पॅकिंग मीच फोडलं होतं.

मला वाटलं सर नाचतील. ते म्हणाले, "टेपवर आलं रे. आजीच्या विहिरीत नाही आलं."

सकाळी जाऊन पाहिलं. विहीर कोरडीच, बायका तशाच बसलेल्या. सरांनी सिनेमा तिथेच सोडला.

मित्र म्हणतात, ट्रिक केलीस. अरे, मला तेव्हा साधं नवरा-नवरीचं नाव स्क्रीनवर टाकता येत नव्हतं! टेप दाखवतो, पण शेवटाआधी बंद करतो. शेवटी त्या पाण्यात आम्ही दोघं दिसतो. बादलीच्या प्लास्टिकमागे सर रडतायत, आणि शेजारी कॅमेरा खांद्यावर घेऊन मी दात काढतोय. पाणी कुठून आलं, मला आजही माहीत नाही. ते हसणं मात्र माझंच आहे.