प्रतिसादक क्रमांक चारचा डबा

आमच्या स्वयंपाकघरात कधीही बघा, दोन-तीन भांडी परकी असतात, आणि आमची तेवढीच भांडी दुसऱ्या कुणाच्या तरी ओट्यावर असतात. भाईंदरजवळच्या बेव्हर्ली पार्कातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये घरोघर हेच चालतं. वरच्या मजल्यावरच्या गुजराती मावशींकडून हांडवो येतो, आमच्याकडून कोथिंबीरवडी जाते, समोरच्या काकूंकडून घावन येतात. आलेला डबा रिकामा परत करायचा नाही, हा नियम. घरात काहीच नसेल तर निदान चिमूटभर साखर तरी घालायची. कुठला डबा कुणाचा यावरून भांडण होत नाही, कारण स्टीलच्या प्रत्येक भांड्यावर नाव कोरलेलं असतं.

या डब्यांवर मी शोधनिबंध लिहिला. हसा खुशाल, माझा नवराही हसला होता.

मी भाईंदरच्या एका कॉलेजात समाजशास्त्र शिकवते. चाळिशी उलटल्यावर मला पीएच.डी.ची हुक्की आली. प्रबंध सादर करायच्या आधी एक तरी निबंध चांगल्या नियतकालिकात छापून यायला हवा, अशी अट होती. माझा पहिला निबंध ‘उपनगरीय सहजीवनाचे बदलते आयाम’ असल्या भारदस्त नावाचा होता आणि तो दोन ठिकाणांहून साभार परत आला. माझ्या मार्गदर्शक बाईंनी तो चाळला आणि म्हणाल्या, “सगळं आहे गं यात. फक्त माणसं नाहीत.”

त्या दिवशी मी तणतणत घरी आले, तर सासूबाई सगळे डबे उघडून बघत होत्या. काकूंचा डबा परत करायचा होता आणि त्यात घालायला मनासारखं काही सापडत नव्हतं.

“आई, द्या की तसाच! धुऊन पुसून दिला म्हणजे झालं.”

“रिकामा?” सासूबाई म्हणाल्या. बास, एवढंच. मी जणू काकूंच्या दारात कचऱ्याची बादली ओतायला निघाले होते, असा चेहरा. मी पर्स खांद्यावरून काढायची विसरून तिथेच उभी राहिले. माणसं सापडली होती, आणि तीही चपला न घालता गाठता येतील इतक्या जवळ.

मग मी बिल्डिंगमधल्या बायकांच्या मुलाखती घ्यायला लागले. इतकं चविष्ट संशोधन जगात कुणी केलं नसेल. प्रत्येक घरी खाल्ल्याशिवाय बोलायला तोंड उघडेना, माझंही आणि त्यांचंही. सगळ्यांत लांब मुलाखत समोरच्या काकूंची झाली. काकूंचं माहेर इथल्याच खारी गावचं, आवाज असा की त्या दारात बोलल्या की तळमजल्याचा वॉचमन वर बघतो. आमच्या सासूबाई गिरगावातून इथे राहायला आल्या तेव्हा टेम्पो रिकामा व्हायच्या आत याच काकू चहाची किटली घेऊन हजर झाल्या होत्या. ती किटली सासूबाईंनी पोह्यांनी भरून परत केली. किटलीत पोहे! तिथून जे येणं-जाणं सुरू झालं ते आजतागायत. माझा सगळा निबंध या किटलीवर उभा होता, आणि नोंदणीची मुदत संपत आलेली असल्यामुळे माझी पीएच.डी.सुद्धा.

माशी शिंकली ती नावांवरून. आमच्या शास्त्रात ज्यांच्या मुलाखती घ्यायच्या त्यांची नावं छापत नाहीत. त्यांना त्रास होऊ नये म्हणून ‘प्रतिसादक क्रमांक अमुक’ असे आकडे देतात. मुलाखत घेतली त्या क्रमाने मी आकडे देऊन टाकले. सासूबाई एक, काकू चार, गुजराती मावशी नऊ. सगळं कसं शास्त्रशुद्ध. सासूबाईंनी एका दुपारी मोठ्या कौतुकाने काकूंना ही बातमी दिली. संध्याकाळी काकू आमच्या दारात.

“मी चार नंबर काय?”

“अहो काकू, तो नुसता—”

“दोन वेळा चहा करून दिला, सगली कहानी सांगितली. आणि माझा नाव न्हाय?”

मी त्यांना गोपनीयता समजावून सांगू लागले. माझा हा दोष आहे, समोरचा चिडला की मी व्याख्यान सुरू करते. काकूंनी शांतपणे ऐकून घेतलं.

“पेपरात चोराचा नाव छापतात,” त्या म्हणाल्या, “आणि मी काय चोरापेक्षा वाईट हाय? न्हाय ना? मग माझा काय पण छापू नको. किटली पण नको.”

दार धाडकन लागलं. लग्नपत्रिकेत ‘आपले विनम्र’मध्ये एक नाव राहिलं म्हणून आयुष्यभर न बोलणारी माणसं आमच्याही घराण्यात आहेत, तेव्हा हे मला आधीच सुचायला हवं होतं. पण मी ठरले प्राध्यापक. मला वाटलं, नियम सांगितला की काम झालं.

मलाही राग आला. नाही तर नाही, म्हटलं. क्रमांक चार काढून टाकायचा आणि बाकीच्यांवर भागवायचं. त्या रविवारी मी काकूंचे परिच्छेद निबंधातून उचलले. उरलं ते वाचून नवरा म्हणाला, “छान आहे. सोसायटीचं सर्क्युलर वाटतंय.” हा माणूस बँकेत कर्जाचे अर्ज नाकारतो, त्यामुळे वाईट बातमी द्यायची त्याला सवय आहे. मी त्याच्यावर डाफरले खरी, पण मला माहीत होतं, किटली गेली की निबंधात पुन्हा फक्त आयाम उरत होते.

आणि घरात काय उरलं? सासूबाई संध्याकाळी दार उघडं ठेवून बसायच्या. समोरचं दार बंद. काकूंचा एक डबा आमच्याकडे राहिलेला, आमची एक कढई त्यांच्याकडे. सासूबाई तो डबा उगीचच घासायच्या. एकदा म्हणाल्या, “तुझं ते छापून येईल गं कधी ना कधी. पण ही परत बोलेल ना?” माझ्या पदवीपायी या बाईंची इथली पहिली मैत्रीण जायला निघाली होती, आणि त्या एका शब्दाने मला दोष देत नव्हत्या.

मग मीच तो डबा घेतला. घालणार काय, तर नारळाच्या वड्या, स्वतःच्या हातच्या. सासूबाई मदतीला उठल्या तर मी त्यांना बसवलं. वड्या काही पडल्या नाहीत. पाक कुठे चुकला कोण जाणे, ताटात नारळाची गोड लापशी तयार झाली. तीच चमच्याने डब्यात भरली आणि समोरची बेल वाजवली.

काकूंनी झाकण उघडलं. वास घेतला. डबा तिरका केला तसा ऐवज एका बाजूला वाहून गेला.

“हे काय हाय?”

“वड्या.”

काकूंनी माझ्याकडे पाहिलं, डब्याकडे पाहिलं, आणि त्या अशा हसल्या की वॉचमनने वर पाहिलंच असणार. “ये आत,” म्हणाल्या, “दोन चमचे आण तिथून.”

चमचे आणायला मी मांडणीपाशी गेले आणि काकू मागून बोलल्या, “वाच.”

“काय?”

“भांड्यांवरची नावं वाच. तू शिकलेली हाय ना.”

मी वाचत गेले. मोठ्या पातेल्यावर त्यांच्या सासऱ्यांचं नाव. ताटांवर नवऱ्याचं. तांब्यावर ‘मामांकडून सप्रेम भेट’. वाट्यांच्या संचावर मुलाचं, तो संच त्याच्या बारशाचा. कळशीवर कुठल्याशा मंडळाचं. मी हातात घेऊन आले होते त्या डब्यावरही नवऱ्याचंच. मी मुलाखत घेतली तेव्हा याच मांडणीसमोर बसून घावन खाल्ले होते, आणि मला हे दिसलं नव्हतं.

“माझ्या नावाचा चमचा पण न्हाय घरात,” काकू म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. “तुझ्या सासूने सांगितलं, सून पुस्तकात छापणार हाय. म्हटलं, चला, एकदा तरी.”

तोंडात लापशी होती म्हणून बरं, नाहीतर मी तिथेही व्याख्यान दिलं असतं. मी एवढंच म्हणाले, “काकू, नाव नाही छापता येणार. मी विचारलं संपादकांना, नाही म्हणाले. पण हे जे आत्ता सांगितलंत, ते लिहू?”

त्यांनी बराच वेळ डबा खरवडला. “लिही,” म्हणाल्या. “पण चार कशाला? एक नंबर दे.”

“एक आई आहेत.”

“ती कशाला एक? किटली कुणाची व्हती?”

हे भांडण मी दोघींवर सोपवून घरी आले. समोरचं दार त्या दिवसापासून उघडं राहिलं. सासूबाईंनी एक नंबर सोडला नाही, पण कढई भरून परत आली.

निबंध पाठवायचा दिवस म्हणजे आमच्याकडे साखरपुडाच झाला. मी दुपारी लॅपटॉप उघडून बसले, तर सासूबाई हळदीकुंकू घेऊन उभ्या. “आई, कीबोर्डवर नको,” म्हणून मी झाकणावर लावून घेतलं. ते पिवळं बोट अजून आहे तिथे. नवरा संदर्भसूची तपासत होता. बँकेतल्या माणसाला स्वल्पविराम पकडायला दिले की त्याला दुसरं काही लागत नाही. “इथे पुस्तकाचं नाव तिरकं आहे, पुढचा स्वल्पविराम सरळ पाहिजे की तिरका?” असं त्याने इतक्या वेळा विचारलं की शेवटी मीच तिरकी झाले.

संकेतस्थळाचे प्रश्न संपेनात. सारांश, कळीचे शब्द, संपादकांना पत्र. या विषयात तुमचे काही हितसंबंध गुंतले आहेत का? मी थांबले. संशोधनाची सामग्री मी अक्षरशः खाल्ली होती, आता काय सांगू? मार्गदर्शक बाईंना फोन केला तर त्या म्हणाल्या, “तू स्वतः त्या बिल्डिंगमध्ये राहतेस हे निबंधात लिहिलंयस ना? मग पुरे.” त्यानंतर, परीक्षकांना लेखक कळू नये म्हणून निबंधातून माझंही नाव काढायचं होतं. सासूबाई खांद्यावरून वाकून बघत होत्या.

“हे तुझंच नाव खोडतेयस?”

“हो. सगळ्यांचंच खोडतात.”

त्या दार ओलांडून गेल्या आणि काकूंना ओरडून सांगितलं, “अगं, हिचं पण नाही गं!” काकू लगेच बघायला आल्या. माझ्या नावाच्या जागी पांढरी जागा पाहून त्यांचं इतकं समाधान झालं की शेवटचं बटण त्यांनाच दाबायला दिलं. पडद्यावर गोल फिरत राहिलं, काकू बोट तसंच दाबून धरून बसल्या, आणि गुजराती मावशी दारातून विचारत होत्या, “गया क्या? मेरा नऊ नंबरवाला भी गया?”

पुढचे काही महिने लिफ्टमध्ये बायका एकमेकींना आकड्यांनी हाका मारत होत्या. मी मात्र ईमेल उघडताना घाबरायचे. उत्तर आलं तेव्हा मी वर्गात होते, आणि मुलांना पाच मिनिटं काहीतरी लिहायला देऊन मी ते वाचलं. एका परीक्षकाला भाषा जरा सैल वाटली. दुसऱ्याने लिहिलं होतं की निबंधाचा प्राण प्रतिसादक क्रमांक चार आहे. भांड्यांवरच्या नावांचा भाग वाढवा, तो याआधी कुणी असा मांडलेला त्यांनी वाचला नव्हता. दुरुस्त्या करून स्वीकारू. मी वर्गातच “हुर्रे” म्हणाले. मुलांना वाटलं, मी त्यांना लवकर सोडतेय. सोडलंही.

निबंध छापून आला. आता वर नाव होतं, एकच, माझं. सगळ्यांनी आमच्या हॉलमध्ये बसून मोबाइलवर तो पाहिला. काकूंनी आपला परिच्छेद माझ्या नवऱ्याकडून वाचून घेतला, ‘चार’ या आकड्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, “झकास हाय.” मनापासून म्हणाल्या. मला मात्र त्या पानावरचं माझं एकटं नाव बघवेना.

दुसऱ्या दिवशी मी कॉलेजमधून येताना भाईंदरच्या बाजारातल्या भांड्यांच्या दुकानात गेले. चांगला जाड, घट्ट झाकणाचा डबा घेतला. दुकानदाराने नाव कोरायचं मशीन हातात घेतलं.

“किसकी तरफ से लिखूं?”

“किसी की तरफ से नहीं. सिर्फ नाम.”

“सर का नाम?”

“मॅडम का.” मी कागदावर काकूंचं नाव लिहून दिलं. नुसतं त्यांचं, मागे-पुढे कुणी नाही. मशीन घुर्रघुर्र करत स्टीलवर चाललं आणि मी प्रत्येक अक्षर पाहत उभी राहिले. डबा अर्थातच रिकामा दिला नाही. वड्या या वेळी सासूबाईंनी केल्या.

काकूंनी डबा उजेडात धरून फिरवून पाहिला. मग तो मांडणीच्या वरच्या फळीवर ठेवला आणि जाहीर केलं, “ह्यो कुणाला द्यायचा न्हाय. हरवला म्हणजे?” निबंधात मी ठासून लिहिलं होतं की या बिल्डिंगमध्ये कुठलाच डबा एका घरात थांबत नाही. परीक्षकांना सांगावं की काय, असं नवरा मला चिडवत राहिला. घावन जुन्याच डब्यातून येत राहिले, काकूंच्या नवऱ्याच्या नावाच्या.

परवा माझा प्रबंध सादर झाला. संध्याकाळी बेल वाजली तेव्हा सासूबाईंनी दार उघडलं आणि माझ्या हातात डबा आणून दिला. गरम होता. पुसायला म्हणून फडका फिरवला आणि बोटाला कोरलेली अक्षरं लागली. मी ते नाव मोठ्याने वाचलं. समोरच्या उघड्या दारातून काकू म्हणाल्या, “ओ! ऐकलं! खाऊन घे आधी, आणि सांभालून परत दे.”